आवाज हवा, मत नको

२०२३ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीचा मुहूर्त साधून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत झालं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि गळा शाहीर साबळे यांचा. एप्रिलच्या अखेरीस साबळ्यांच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला. त्याच एप्रिलच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरच्या एका पोरावर अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला होता. त्यानं 'पन्नास खोक्यां'वर, म्हणजे आमदार पैशानं फोडल्याच्या आरोपावर, एक रॅप करून समाजमाध्यमांवर सोडून दिला होता. पाठोपाठ मुंबईतल्या आणखी एका रॅपरवर वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. त्याच्या गाण्यात जनता कशी नागवली जाते याची कैफियत होती.

शाहिराला डोक्यावर घेणं आणि शाहिरी करणाऱ्याला चौकीवर बोलावणं, दोन्ही एकाच उन्हाळ्यात उरकलं. कुणाला फारसं खटकलंही नाही. रॅपला शाहिरी म्हटलेलं काहींना आवडणार नाही, मला ठाऊक आहे. डफाच्या जागी कॉम्प्युटरवर बनवलेला ठेका आला, फेट्याच्या जागी उलटी टोपी. पण चार माणसांदेखत, तालात, बड्या माणसाला नाव न घेता ओळखू येईल असा जाब विचारायचा, हे काम तेच आहे.

अशा वेळी 'आपल्याकडे शाहिरांची कदर नाही' असा सूर लावायची पद्धत आहे. ते खरं नाही. कदर भरपूर आहे. पुतळे आहेत, पुरस्कार आहेत, महामंडळं आहेत, टपाल तिकीट आहे, जयंतीची मिरवणूक आहे. तक्रार वेगळीच आहे. आपण शाहिराचा आवाज उचलतो आणि त्याचं मत तिथंच ठेवून येतो. सरकार हे करतं, तसंच विरोधी पक्ष करतात, चळवळी करतात आणि रसिक म्हणून तुम्हीआम्हीही करतो. सरकारला नावं ठेवणं सोपं आहे, तेही करूच. पण बाकीच्यांना एवढ्या सहजी सोडण्याचं कारण नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. कुणी गायक, कलावंत काही बोलला की 'कलाकारानं राजकारणात पडू नये' असा सल्ला लगेच येतो. मराठी गाण्याच्या बाबतीत तरी हा सल्ला उशिरा आलेला आहे, निदान साडेतीनशे वर्षं उशिरा. अफजलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा घ्या. तो राजकारणावरचाच आहे आणि जिजाऊंच्या सांगण्यावरून झालेला आहे. त्याबद्दल शाहिराला घसघशीत बक्षिसी मिळाली, असं परंपरा सांगते. म्हणजे शाहीर मुळात दरबारचा, ही गोष्टही मान्य करायला हवी. शाहिरी जन्मतःच बंडखोर असते हा रोमँटिक समज आहे. ती पोटासाठी असते, पदरी असते, आणि मधूनच कुणीतरी तिला उलटी फिरवतो.

असा एक मोठा फिरवणारा म्हणजे जोतीराव फुले. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि महाराजांना 'कुळवाडीभूषण', म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण, म्हटलं. राजा तोच, पराक्रम तोच, पण राजा कुणाचा हा प्रश्न त्यांनी त्या एका विशेषणात घुसवला. पुढं सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. गण, बतावणी, वग असा घाट तोच ठेवला आणि आत सावकार, भिक्षुकशाही आणि मुलांना शाळेत घालण्याची गोष्ट भरली. त्या वाटेनं आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यातला नावाजलेला. आपल्या दहा सभांनी जे काम होत नाही ते कर्डकांचा एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. हे वाक्य आपण शाहिरांच्या प्रत्येक सत्कारात ऐकतो. मात्र याच कर्डकांनी पुढं आंबेडकरी जलशांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, जलसा काय होता आणि त्यानं काय केलं हे स्वतः मांडलं, हे त्या सत्कारात सहसा कुणी सांगत नाही. गौरवाचं वाक्य तोंडपाठ, आणि ज्याचा गौरव झाला त्याचं स्वतःचं म्हणणं कपाटात.

अण्णाभाऊ साठ्यांच्या बाबतीत तर हे इतकं लख्ख दिसतं की त्यांच्यापाशी जरा थांबायला हवं.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्मलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, गावाहून मुंबईपर्यंत पायी आलेला हा माणूस. गिरणीत काम केलं, पडेल ते काम केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. मातंग घरातले अण्णाभाऊ, बार्शीच्या मुसलमान घरातले अमर शेख आणि गवाणकर एकाच फळीवर उभे राहून गात होते, हीच त्या काळातली एक राजकीय घोषणा होती. पथकानं तमाशाचा गण बदलला. गणपतीला नमन करून सुरुवात करण्याऐवजी अण्णाभाऊंनी मायभूमीला आणि शिवबाला नमन केलं, आणि गौळण काढून टाकली. ज्यांनी तमाशा पाहिला आहे त्यांना यातली हिंमत कळेल. गणाशिवाय ढोलकीवर थाप पडत नाही अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्यासमोर हे चाललं होतं. मुंबई सरकारनं पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, हे आजच्या काँग्रेसवाल्यांनी अण्णाभाऊंच्या तसबिरीला हार घालताना ध्यानात ठेवावं.

आता 'माझी मैना गावावर राहिली' घ्या. ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचं गाणं, माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. गाणारा मुंबईला पोटासाठी आलेला गडी आहे, बायको गावी आहे. तो तिचं रूप सांगतो, गुण सांगतो. निघताना तिची समजूत कशी काढली ते सांगतो. कोल्हापुरी साज करीन, वज्रटीक करीन, नथ करीन, अशी यादी देतो. इथपर्यंत गाणं गोड आहे. हौशी गायकापासून टीव्हीवरच्या स्पर्धेपर्यंत सगळीकडे चालतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेल्या मुली यावर नाचतात.

पण ते तिथं संपत नाही. दागिन्यांची कबुली देऊन गडी मुंबईत येतो आणि बेकारांच्या गर्दीत भरती होतो. मुंबई कुणाची आहे ते त्याला दिसतं. दागिने दूरच, पोटाचीच पंचाईत. मग गाणं एकदम वळतं. माझी आणि मैनेची जशी ताटातूट झाली तशीच या खंडित महाराष्ट्राची झाली, असं तो म्हणतो. बेळगाव, कारवार, निपाणी येतात. बंदुकीच्या संगिनी चकाकतात. कामगार, शेतकरी, मध्यमवर्गीय यांची फौज उठते. ज्यानं दागिन्यांची यादी ऐकून डोळे पुसले त्याला कळायच्या आत त्याचं दुःख मोर्चात सामील झालेलं असतं. विरहाची छक्कड आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी यांच्यात सांधा कुठंच दिसत नाही, ही त्यातली कारागिरी. राजकीय गाणं कसं लिहावं याचा मराठीत याहून चांगला धडा मला माहीत नाही.

रंगमंचावर मी हे गाणं ऐकलं आहे ते बहुतेक वेळा अर्धंच. नथ येते आणि टाळ्या घेऊन गायक थांबतो. कुणी मुद्दाम कापतं असंही नाही. 'वेळेअभावी' कापलं जातं. गंमत अशी की वेळ कमी पडतो तो नेमका बेकारांपाशी आणि संगिनीपाशी. सरकारी सेन्सॉरला जे जमलं नसतं ते निवेदकाच्या घड्याळानं करून दाखवलं. आणि हे गाणं ज्या लढ्यासाठी झालं त्यात १०६ माणसं मेली, त्यांच्या नावाचा चौक फोर्टात आहे, आणि बेळगावचा प्रश्न अजून न्यायालयात आहे. म्हणजे उरलेलं अर्धं गाणं काही जुनंपानं झालेलं नाही.

इथं परदेशातली एक आठवण सांगतो, कारण ती नेमकी याच गोष्टीशी भिडते. अमेरिकेत वुडी गथ्रीचं 'ही भूमी तुझी आहे' या अर्थाचं एक गाणं आहे, १९४० मध्ये लिहिलेलं. शाळाशाळांत म्हटलं जातं. त्यातली खासगी मालमत्तेच्या पाटीवरची आणि सरकारी मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांवरची कडवी गाळूनच बहुधा म्हणतात. पीट सीगर हा त्या परंपरेतला दुसरा गायक. १९५५ मध्ये संसदेच्या समितीसमोर त्यानं आपल्या राजकीय मतांबद्दल उत्तरं द्यायला नकार दिला आणि पुढं कित्येक वर्षं त्याला टीव्हीवर येऊ दिलं गेलं नाही. २००९ च्या जानेवारीत, ओबामांच्या शपथविधीआधीच्या सोहळ्यात, एकोणनव्वद वर्षांच्या सीगरला लिंकन स्मारकापुढं गायला बोलावलं. त्यानं तेच गाणं म्हटलं, आणि गाळलेल्या कडव्यांसकट म्हटलं. मान घेतला आणि मतही सोडलं नाही. अण्णाभाऊंना असं करायची संधी मिळाली नाही, ते १९६९ मध्ये गेले. त्याच वर्षी जूनमध्ये आचार्य अत्रे गेले, जुलैत अण्णाभाऊ, ऑगस्टमध्ये अपघातात अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राचे तीन आवाज एका पावसाळ्यात बंद झाले. मग सत्कार करायला मैदान मोकळं झालं.

२०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. अण्णाभाऊ १९६१ मध्ये रशियाला गेले होते, प्रवासवर्णन लिहिलं होतं, त्याआधी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. पुतळा तिथं असणं योग्यच आहे. पण ज्या कम्युनिस्ट विचारासाठी तो माणूस रशियाला गेला, त्या विचाराशी ज्यांचं उभं वैर त्यांना त्याचा पुतळा उभारताना कसलीच अडचण येत नाही, याचा अर्थ काय? एकतर सत्ताधाऱ्यांचं मन फार मोठं आहे, किंवा पुतळ्यातून विचार पुरता काढून घेतलेला आहे. मला दुसरं कारण जास्त पटतं.

हे झालं सरकारचं. आता आपल्या माणसांकडे वळू.

डाव्या, आंबेडकरी, समाजवादी, कुठल्याही पक्षाची सभा आठवा. सातची वेळ असते. साडेसातला शाहीर सुरू होतो. मैदान रिकामं असतं, तो भरतो. लहान पोरं पुढं येऊन बसतात, बायका मागे उभ्या राहतात, चहाच्या टपरीवरचे उठून येतात. गाणं रंगात आलं की मागून चिठ्ठी येते, नेते पोचले, आवरा. शाहीर मुजरा करून खाली उतरतो. मग 'विचार' सुरू होतात. मांडणी नेत्यांची, गर्दी शाहिराची, ही वाटणी इतकी मुरलेली आहे की आपल्याला ती वाटणीही वाटत नाही. कार्यकारिणीत शाहीर क्वचित असतो, ठरावाच्या मसुद्यावर त्याला कुणी बसवत नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे जे आमदार-खासदार झाले त्यांत अत्रे आहेत, एस. एम. जोशी आहेत, कम्युनिस्ट नेते डांगे आहेत. अण्णाभाऊ नाहीत.

खरं तर अण्णाभाऊ मांडणी करणारे होतेच. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर तरलेली आहे. पुराणातली एक कल्पना घेऊन, एका वाक्यात, श्रमाचं आणि जातीचं अर्थशास्त्र सांगणारा माणूस 'गर्दी जमवायला बरा' म्हणून वापरला गेला असेल, तर तोटा त्याचा कमी आणि वापरणाऱ्यांचा जास्त. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत तो राहिला. तिथं स्मारकाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. त्याच्या नावानं १९८५ मध्ये मातंग समाजासाठी महामंडळ निघालं, आणि पुढं त्या महामंडळातल्या कोट्यवधींच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात माजी अध्यक्षालाच अटक झाली. यावर पोवाडा करायला अण्णाभाऊच हवे होते.

विलास घोगरे आठवतात का? मुलुंडच्या वस्तीतला शाहीर. आनंद पटवर्धनांच्या मुंबईतल्या झोपडपट्टीवरच्या माहितीपटात तो गातो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलानं गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेनं स्वतःला संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधली होती. आयुष्यभर तो लाल झेंड्याखाली गायला आणि जाताना निळा बांधून गेला. यावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी नंतर बरंच लिहिलं, एकमेकांवर बोटं दाखवत लिहिलं. मला त्यात एकच दिसतं. जात आणि वर्ग यांचं जे कोडं सिद्धांतवाल्यांना बैठकांमध्ये सुटत नव्हतं, ते या गाणाऱ्या माणसाच्या अंगावर येऊन पडलं होतं. तो जिवंत असताना त्यावर त्याचं मत कुणी मागितलं होतं का, हे त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवं.

आता रसिकांकडे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्रात कुणाच्या घरात नाही? 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागल्याशिवाय आषाढीची सकाळ होत नाही. गणपतीच्या मांडवात तोच आवाज, सत्यनारायणाची कथाही त्याच गळ्यातून. पण याच शिंद्यांनी गायलेली भीमगीतं? ती वस्तीत वाजतात, चौदा एप्रिलला वाजतात, त्यापलीकडे जात नाहीत. एकाच गळ्याची अर्धी गाणी सगळ्यांची आणि अर्धी 'त्यांची'. मांडवात तो आवाज लावणाऱ्याला गायक कोण, कुठला, आणखी काय गायचा, हे ठाऊकही नसतं. जातीनं माणसाला वाटून घेतलं होतं, आपण त्याच्या ध्वनिफितीही वाटून घेतल्या.

आणि वस्तीतही सगळं आलबेल आहे असं नाही. भीमगीतं लिहिणारे-गाणारे वामनदादा कर्डक यांचं 'भीमा तुझ्या मताचे' हे गाणं नीट ऐका. बाबासाहेबांच्या मताची पाच माणसं जरी असती तरी चित्र वेगळं दिसलं असतं, असं ते म्हणतात. म्हणजे पाचही नाहीत! समोर बसलेल्या हजारोंना तोंडावर सांगितलेली ही गोष्ट आहे. आपल्याच माणसांना फटकारणारं इतकं रोखठोक गाणं दुसऱ्या कुठल्या चळवळीत सापडेल, मला शंका आहे. आज तेच गाणं डीजेच्या भिंतीवर लागतं आणि लोक बेभान नाचतात. शिव्या खाऊन नाचणं म्हणतात ते हेच. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते असं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावणाऱ्या माणसाच्या जयंतीला हे चालतं. वामनदादांना मूर्ती करून टाकलं की त्यांचं फटकारणं लागत नाही. मोठी सोय आहे.

सरकारचं राहिलेलं थोडं सांगायचं आहे. पुण्यातला कबीर कला मंच २००२ च्या गुजरात दंगलीनंतर सुरू झाला. वस्तीतली पोरं, डफ, जातीवर आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर गाणी. २०११ पासून त्यांच्यावर नक्षलवाद्यांशी संबंधाचे गुन्हे लागले. २ एप्रिल २०१३ ला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनाबाहेर येऊन उभे राहिले आणि अटक करवून घेतली. शीतल तेव्हा गरोदर होती. त्याआधी जानेवारीत याच प्रकरणातल्या काहींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी, सामाजिक विषमतेवर बोलणं म्हणजे बंदी असलेल्या संघटनेचं सदस्य असणं नव्हे, अशा आशयाचं मत नोंदवलं होतं. तरी माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत २०१७ चा जानेवारी उजाडला.

मधल्या काळात काय झालं? गाण्यामुळे खटला झालेल्या एका वृद्ध शाहिराची गोष्ट सांगणाऱ्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटाला २०१५ मध्ये देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत संभाजी भगत यांचं, शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. पडद्यावरच्या शाहिराला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा खरे तीन शाहीर तुरुंगात होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी नियमानुसारच झाले असतील. पण एखाद्या लेखकानं हे लिहिलं असतं तर संपादक म्हणाला असता, फारच ठरवून केल्यासारखं वाटतं.

२०२० मध्ये पुण्यातल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात गोरखे, गायचोर आणि मंचाच्याच ज्योती जगताप यांना पुन्हा अटक झाली. यावर दुसरी बाजू ऐकायला हवी आणि ती अशी : आरोप गाण्याचा नाही, बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंधाचा आहे, आणि हातात डफ आहे म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही. मान्य. अजिबात सूट मिळू नये. मग खटला चालवा. पाच वर्षं उलटली तरी सुनावणी उभी राहिली नव्हती. आणि आरोप गाण्याचा नव्हता म्हणावं, तर २०२२ मध्ये जगताप यांना जामीन नाकारताना उच्च न्यायालयानं इतर बाबींबरोबर परिषदेतल्या सादरीकरणातले 'अच्छे दिन'वरचे, गोमूत्रावरचे टोमणेही नोंदवले. टोमणा हा शाहिरीचा मूळ धंदा आहे. बतावणीत पाटलाची, सावकाराची, राजाची खिल्ली उडवायची आणि राजानं ती हसून सोसायची, हा तमाशाच्या फडाचा जुना करार. निदान वगातल्या राजाला तो पाळता येतो.

आणखी एक आक्षेप येतो आणि तो जास्त वजनदार आहे. शाहीर म्हणजे काही न्यायनिवाडा नव्हे. गाणं भावना पेटवतं, आकडे देत नाही. आज द्वेष पसरवणारी गाणीही तितक्याच ठेक्यात, तितक्याच मोठ्या स्पीकरवर, दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळांसमोर वाजतात. तीही 'राजकीय गाणी'च की. तर मग शाहिराचं मत ऐका म्हणताना कुणाचं ऐकायचं? माझं उत्तर असं की सगळ्यांचं ऐकावं आणि मत म्हणूनच ऐकावं. मत म्हणून ऐकलं की त्याचा प्रतिवाद करता येतो, 'हे खोटं आहे' म्हणता येतं. जो शाहीर आपल्या बाजूचा आहे त्याचंही चूक असेल तर सांगता येतं. अण्णाभाऊंच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याला आज दाद द्यावी आणि स्टालिनबद्दल नंतर जे बाहेर आलं तेही बोलावं, यात अण्णाभाऊंचा अवमान नाही. नुसता आवाज ऐकणाऱ्याला हे जमत नाही, त्याला फक्त आवडतं किंवा राग येतो. आणि राग आला की तो पोलीस ठाणं गाठतो. जे गाणं थेट मारायला-जाळायला सांगतं त्याच्यासाठी कायदा आहेच, तिथं शाहिरीचं कातडं पांघरून कुणी सुटू नये.

आपल्या शेजारी तेलंगणात क्रांतिकारी लोकगायक गद्दर २०२३ मध्ये गेले. १९९७ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, एक गोळी शेवटपर्यंत शरीरात होती. अंत्यसंस्कार सरकारी इतमामात झाले आणि आता तिथले राज्य चित्रपट पुरस्कार त्यांच्या नावानं दिले जातात. म्हणजे ही काही केवळ मराठी खोड नव्हे.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी मी मागत नाही. शाळेच्या संमेलनात 'माझी मैना' बसवायची तर पूर्ण बसवावी, सहावीच्या मुलाला बेळगाव कळतं आणि बेकारी तर त्याच्या घरातच असते. पक्षांनी सभेचा क्रम एकदा उलटा करून पाहावा. आधी नेत्यांनी बोलावं आणि मग शाहिरानं, म्हणजे नेता काय बोलला यावर त्याला गाता येईल. कुठला पक्ष याला तयार होतो ते बघण्यासारखं ठरेल. भीमगीतं गाणारी, एकतारी घेऊन फिरणारी कडूबाई खरात यांच्यासारखी बाई मोबाईलवर लाखोंनी ऐकली जाते. तिला व्यासपीठावर बोलावता तेव्हा गाण्याआधी दहा मिनिटं बोलायला द्या. बचतगटापासून दवाखान्यापर्यंत अशा बायकांना जे ठाऊक असतं ते वक्त्यांच्या यादीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.

आणि पोलिसांसाठी तर नवं काही शोधायचीही गरज नाही. २८ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा, एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द केला. निकाल लिहिला आपल्या ठाण्याच्या न्यायमूर्ती अभय ओक यांनी. अशा तक्रारीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या पट्ट्यातली असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात म्हटलं आहे. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या समंजस माणसावर काय होईल हे पाहावं, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्यावर काय होईल हे नव्हे, असंही म्हटलं आहे. म्हणजे ठाणे अंमलदारानं आधी गाणं ऐकायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग ठरवायचं. गृहखात्यानं या निकालाचं सोप्या मराठीतलं एक पानी परिपत्रक काढून प्रत्येक ठाण्यात भिंतीला लावायला काय हरकत आहे? येत्या १ ऑगस्टच्या आत निघालं तर अण्णाभाऊंच्या जयंतीला त्या वर्षी हार थोडे कमी आले तरी चालतील.